सार्वजनिक बाग : सोय आणि गैरसोय

पुण्यात बागा किती, असा प्रश्न एखाद्या परगावच्या माणसाने विचारला आणि आपण त्याच्या हाती नुसता शहराचा नकाशा दिला, तर त्या बिचाऱ्याची मोठी फसगत व्हावयाची. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, मोतीबाग, हिराबाग, विश्रामबाग अशी नावे वाचून हे गाव म्हणजे एक उपवनच असले पाहिजे, असे त्याला वाटेल. प्रत्यक्षात तुळशीबागेत त्याला रामाचे देऊळ आणि त्याभोवती भांडी, बांगड्या, खेळणी यांची दुकाने आढळतील. बेलबागेत विष्णूचे देऊळ, रमणबागेत शाळा आणि विश्रामबागेत दुसऱ्या बाजीरावाचा वाडा आढळेल. बाग मात्र नावापुरती उरलेली आहे.

आज आम्हाला बोलावयाचे आहे ते या इतिहासप्रसिद्ध बागांविषयी नव्हे. सारसबागेसारख्या मोठ्या उद्यानांविषयीही नव्हे. पेशवे उद्यानातली फुलराणी १९५६ साली सुरू झाली आणि तिच्यात बसलेली मुले आज आजोबा-आजी झाली आहेत. अशी उद्याने म्हणजे सणासुदीची ठिकाणे. सहकुटुंब जावे, भेळ खावी आणि परतावे. आमचा विषय त्याहून पुष्कळ लहान आहे. पायांत चपला सरकवून पाच मिनिटांत जिथे पोहोचता येते, अशी आळीच्या किंवा कॉलनीच्या कोपऱ्यावरची दहा-वीस गुंठ्यांची बाग, हा तो विषय. तिच्यात कोणत्या सोयी असाव्यात, का असाव्यात, आणि ज्या असतात त्या कोणाच्या उपयोगी पडतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

पेशवाईतल्या ज्या बागांची नावे आम्ही वर घेतली, त्यांपैकी बहुतेक मातबरांच्या खाजगी बागा होत्या. सामान्य माणसासाठी त्या काळच्या पुण्यात ज्या सार्वजनिक सोयी होत्या, त्यांत दोन मुख्य : एक हौद आणि दुसरा पार. कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शहरात आणून जागोजाग हौद भरण्याची योजना नानासाहेब पेशव्यांच्या काळात झाली. पार तर प्रत्येक पेठेत होताच. शनिपाराने ते नाव अजून टिकवून धरले आहे. पार म्हणजे झाडाभोवती बांधलेला ओटा. वर सावली, खाली बसावयास जागा, जवळपास पाणी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ. त्याला दार नव्हते, तिकीट नव्हते आणि बंद होण्याची वेळही नव्हती. थोडक्यात, चांगल्या लहान बागेत जे असावयास हवे त्यातले बरेचसे पारावर होते.

परंतु पाराचे कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. पारावर पुरुष बसत. बायकांनी तेथे गप्पा मारीत बसावे, अशी रीत नव्हती. हौदाची गोष्ट तर याहून कठोर. ज्यांना अस्पृश्य मानले गेले त्यांना सार्वजनिक म्हणविल्या जाणाऱ्या पाण्याला हात लावण्याची मनाई होती. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. खाजगी हौद सर्वांचा झाला आणि सार्वजनिक हौद मात्र काहींचाच राहिला, असा तो प्रसंग होता. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ जर कोठे शिकावयाचा असेल, तर तो येथे. जागा सरकारी असली किंवा नगरपालिकेची असली म्हणून ती सार्वजनिक होत नाही. ज्याला दुसरीकडे कोठे जागा नाही, त्याला तेथे संकोच न वाटता बसता आले, म्हणजे ती सार्वजनिक झाली. बागेतील सोयींची परीक्षा आम्ही याच मापाने करणार आहोत.

आता ही लहान बाग येते कोठून? कायद्याचा हा भाग थोडा रुक्ष आहे, तरी तो माहीत असलेला बरा. शहराची विकास योजना तयार होते तेव्हा काही जमिनी बागेसाठी राखून ठेवल्या जातात. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने हे आरक्षण होते. पण योजना अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालकाला रीतसर नोटीस देऊन आरक्षण संपविण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे नकाशावर हिरवा रंग दिला की बाग झाली, असे नाही. तो रंग उडूही शकतो. दुसरा उगम म्हणजे मोठ्या भूखंडावर वसाहत उभारताना सोडावी लागणारी मोकळी जागा. ४,००० चौरस मीटरांहून, म्हणजे सुमारे एक एकराहून, मोठी जमीन असली की तिचा दहावा हिस्सा मोकळा ठेवावा लागतो. तिसरा उगम म्हणजे नाल्याच्या काठी किंवा रस्त्यांच्या बेचक्यात उरलेला तुकडा. लहान बागांची आकृती अनेकदा चमत्कारिक का असते, याचे कारण यात आहे.

पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली. तिचा कारभार ज्या १९४९ च्या अधिनियमाने चालतो, त्यात महापालिकेची कर्तव्ये दोन प्रकारची सांगितली आहेत : काही केलीच पाहिजेत अशी आणि काही केली तर बरे अशी. सार्वजनिक बागा व क्रीडांगणे या दुसऱ्या, ऐच्छिक वर्गात आहेत. सार्वजनिक शौचकूप व मुताऱ्या मात्र पहिल्या, बंधनकारक वर्गात आहेत. पुढे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बागा, उद्याने व क्रीडांगणे यांना नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या विषयांच्या यादीत स्थान दिले. तरीही वाचकांनी ही विभागणी लक्षात ठेवावी. बागेत कारंजे उडविणे ही पालिकेची मर्जी आहे. शहरात शौचकूप बांधणे आणि ते स्वच्छ ठेवणे हे तिचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात बागेत शिरल्यावर आपल्याला नेमके उलटे चित्र अनेकदा दिसते, तेवढ्यासाठी हे सांगितले.

सोयींचा विचार सावलीपासून करू या. ज्या वसंत ऋतूत आपण व्याख्याने ऐकावयास जमतो, तो पुण्यात कवींचा वसंत क्वचितच असतो. पारा अडतीस-चाळीस अंशांकडे झुकलेला असतो. या दिवसांत पळस आणि पांगारा फुलून गेलेले असतात, बहावा पिवळ्या घोसांनी लवत असतो. पण ही झाडे ऐन फुलोऱ्यात बहुतेक निष्पर्ण असतात. ती डोळ्यांना सुख देतात, डोक्याला सावली देत नाहीत. याउलट करंज आणि कडुनिंब यांची पाने वसंताच्या आरंभी गळतात आणि उन्हाचा जोर वाढेपर्यंत त्यांच्यावर नवी पालवी दाट झालेली असते. म्हणून बाकाशेजारी करंज किंवा निंब लावावा आणि बहावा समोर, दिसेल असा लावावा. एवढे तारतम्य माळ्याला असते; नकाशा काढणाराला ते असतेच असे नाही. आणखी एक : झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा फरशी आणून भिडविली की पावसाचे पाणी मुळांपर्यंत जात नाही. ज्या सावलीसाठी बाग केली तिचाच गळा आपण अशा रीतीने आवळतो.

सावलीनंतर बैठक. बाक हा लहान बागेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पदार्थ होय. कोणाच्या तरी स्मरणार्थ बसविलेले, पाठीवर नाव रंगविलेले बाक आपल्या परिचयाचे आहेत. पण त्यांपैकी कित्येक बसणाराच्या सोयीपेक्षा नाव वाचणाराच्या सोयीने मांडलेले असतात. म्हाताऱ्या माणसाला बाकाला पाठ हवी आणि दोन्ही बाजूंना हात हवेत. कारण बसण्यापेक्षा उठणे त्याला अवघड जाते. बैठकीची उंची दीड फुटापेक्षा फारशी कमी असू नये, नाहीतर गुडघे तक्रार करतात. दगडी बाक उन्हात ठेवला तर संध्याकाळी सहापर्यंत तो तव्यासारखा असतो. आणि सगळे बाक एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून ठेवले, तर चौघांना बोलावयाचे असताना दोघांना उभे राहावे लागते. दोन बाक काटकोनात ठेवले की गप्पांना आपोआप जागा होते.

बसण्याच्या जागेला आम्ही एवढे महत्त्व का देतो, असे कोणी विचारील. अमेरिकेत विल्यम व्हाइट या अभ्यासकाने न्यूयॉर्क शहरातील लहान चौक व बागा वर्षानुवर्षे न्याहाळल्या आणि १९८० साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्याचा मुख्य निष्कर्ष इतका साधा आहे की तो ऐकून हसू यावे : जेथे बसावयास जागा असते, तेथे माणसे बसतात. त्याच शहरात १९६७ साली पेली पार्क नावाची बाग खुली झाली. दोन इमारतींच्या फटीतली ही जागा सुमारे ४,२०० चौरस फुटांची, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठेही पुरती नाही. तेथे दाट नसलेल्या सावलीची काही झाडे आहेत, मागच्या भिंतीवरून पडणारे पाणी आहे, आणि कोणालाही उचलून हव्या त्या ठिकाणी नेता येतील अशा सुट्या खुर्च्या आहेत. त्या लहानशा जागेची कीर्ती जगभर झाली. आमच्याकडे सुट्या खुर्च्या दुसऱ्या दिवशी जागेवर राहतील काय, ही शंका रास्त आहे. पण खुर्ची नाही तरी तिच्यामागची दृष्टी उचलून आणावयास हरकत नसावी.

आता पाणी. बागेत पाणी दोन कामांना लागते : झाडांना आणि माणसांना. माणसांचे पाणी फार थोडे. एक स्वच्छ नळ, त्याखाली ओंजळ धरता येईल एवढी उंची, मुलांसाठी एक ठेंगणा नळ, आणि खाली चिखल होऊ नये म्हणून उतार. झाडांना पहिली दोन-तीन वर्षे घालावे लागते. नंतर आपल्या प्रदेशातली झाडे बव्हंशी आपली तजवीज आपण करतात. मोठा खर्च आहे तो हिरवळीचा. पुण्याच्या उन्हाळ्यात हिरवळ हिरवी राखावयाची, तर दर चौरस मीटरला रोज सुमारे ५ लिटर पाणी लागते असे धरू. दहा गुंठ्यांची हिरवळ म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. म्हणजे रोज ५,००० लिटर. शहरातल्या माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावे असे प्रमाण धरले जाते. तेव्हा ही हिरवळ ३७ माणसांचे पाणी पिते. बरे, तिच्यावर पाटी काय असते? ‘हिरवळीवर चालू नये.’ ३७ माणसांचे पाणी पिऊन जी एकाही माणसाला बसू देत नाही, तिला सोय म्हणावे की पाहुणी म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे. हिरवळ ठेवावयाचीच असेल तर ती लहान असावी, सांडपाणी शुद्ध करून त्यावर जगवावी, आणि मुलांना तिच्यावर लोळू द्यावे.

आता ज्या सोयीचा उल्लेख सभ्य लोक व्याख्यानातून टाळतात, तिच्याकडे येऊ. आमच्या माहितीतल्या एका बागेत संध्याकाळी सात-आठ वृद्ध बायका जमत. एकीला मधुमेह होता. बागेतले शौचालय होते, पण त्याला कुलूप होते. किल्ली कोणाकडे असते हे कोणालाच माहीत नव्हते. तिने घरून निघताना पाणी पिणे सोडले. पुढे तिचे येणे अर्ध्या तासावर आले, आणि नंतर ती येईनाशी झाली. तक्रार अशी तिने कोठेच केली नाही. ही काय तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे, असे तिला वाटले असावे. बाग तिच्यापुरती बंद झाली, पण हे कोणत्याही नोंदवहीत लिहिले गेले नाही. पुरुषांचे या बाबतीत कसेबसे भागते, आणि कसे भागते हे बागेच्या मागल्या भिंतीवरून कळते. बायका, गरोदर स्त्रिया, लहान मुलांना घेऊन आलेल्या आया आणि आजारी माणसे यांचे भागत नाही. बागेत कोण किती वेळ बसेल, हे फुलझाडांपेक्षा या एका कुलपाने अधिक ठरते. शौचालय बांधणे सोपे. त्याला पाणी, उजेड, कडी आणि दिवसातून दोनदा झाडणारा माणूस देणे, ही खरी सोय.

दाराचेही तसेच. गुरे आणि दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून काही बागांना लोखंडी फिरते किंवा नागमोडी दार बसवितात. त्यातून गाय येत नाही हे खरे. पण चाकांची खुर्ची आणि बाळाची गाडीही येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सार्वजनिक जागा सर्वांना सुगम करण्याचे बंधन घातले आहे. त्यासाठी पायऱ्यांऐवजी एक सोपा उतार आणि एक रुंद बाजूदार पुरे होते. मुलांच्या खेळांविषयी फार सांगावयास नको : घसरगुंडी पत्र्याची असेल तर ती पूर्वेकडे किंवा सावलीत असावी, झोक्याखाली फरशीऐवजी वाळू असावी, आणि तुटलेली साखळी त्याच आठवड्यात बदलावी. आजोबांच्या बाकावरून नातवंडाचा झोका दिसावा. एवढे झाले की मुले खेळतात; खेळ कसे खेळावे हे त्यांना शिकवावे लागत नाही.

सर्वांत वादाचा मुद्दा वेळेचा आहे. पुण्यातल्या पुष्कळ बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. सकाळी फिरावयास जाणारे आणि संध्याकाळी मुलांना नेणारे, या दोघांच्या दृष्टीने ही व्यवस्था ठीक आहे. पण भर दुपारी सावलीची गरज कोणाला असते? दोन घरची धुणीभांडी उरकून तिसऱ्या घरची वेळ होईपर्यंत जिला तासभर टेकावयाचे आहे, तिला. मागण्या येईपर्यंत दुचाकीवर बसून राहणाऱ्या तरुणाला. सदाशिव आणि नारायण पेठेत एका खोलीत चौघे राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, गावाकडून आलेल्या मुलामुलींना. यांना त्या वेळी घर नसते आणि उपाहारगृहात चहा घेतल्यावाचून बसता येत नाही. ज्यांना बागेची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्यांच्या वेळी तिचे दार बंद असते.

बंद ठेवणाऱ्यांची बाजूही आम्ही ऐकली आहे. दुपारी झाडलोट करावयाची असते, रखवालदार एकच असतो, रिकामटेकडे येऊन पत्ते कुटतात, जोडपी येतात आणि शेजारच्या इमारतीतून तक्रारी होतात. या अडचणी खोट्या नाहीत. परंतु जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ सालीच एक गोष्ट दाखवून दिली होती. ज्या बागेत दिवसभर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या प्रकारची माणसे येत राहतात, ती बाग सुरक्षित राहते. जी रिकामी असते तिच्यातच नको ते प्रकार घडतात. पत्ते कुटणाऱ्यांवर उपाय म्हणून अभ्यास करणारांना बाहेर ठेवणे म्हणजे उंदरांसाठी घराला कुलूप लावून आपण अंगणात निजण्यासारखे आहे. जोडप्यांविषयी एवढेच म्हणतो की दीड खोलीत सहा माणसांचा संसार ज्या शहरात होतो, त्या शहरात दोघांनी बाकावर बसून बोलणे हा गुन्हा मानू नये.

आता प्रश्न उरतो पैशाचा. लहान बागेला पैसा कमी पडतो असे म्हणतात. आमचे निरीक्षण थोडे निराळे आहे. नवे प्रवेशद्वार, कारंजे, रंगीत दिवे, कोनशिला ही एकदाच करावयाची कामे असतात, त्यांचे उद्घाटन होते आणि छायाचित्र निघते. माळ्याचा पगार, नळाचा वायसर, शौचालयाचा फिनेल ही रोजची कामे. त्यांचे उद्घाटन करता येत नाही. म्हणून कारंजे उभे राहते आणि दोन वर्षांत कोरडे पडते. शेजारचा नळ गळतच राहतो. एका कारंज्याच्या जागी एक कायमचा माळी मिळाला, तर बागेचे रूप पालटेल. माळी हा नुसता झाडांचा राखणदार नसतो. किल्ली त्याच्याकडे असते, तुटलेला झोका त्याला आधी दिसतो आणि रोज येणारी म्हातारी चार दिवस आली नाही, हे बागेत त्याच्याच ध्यानात येते.

नागरिकांनाही काही करता येण्याजोगे आहे. पुणे महापालिकेने २००६ साली अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपल्या भागातील कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. अशी संधी मिळेल तेव्हा कमान आणि पुतळा न मागता, बाकाला हात, ठेंगणा नळ, शौचालयाला पाणी आणि दुपारी उघडे दार मागावे. मागणी लहान असली की ती पुरी झाली की नाही, हेही चटकन पाहता येते.

तेव्हा आज संध्याकाळी घरी जाताना वाटेतल्या बागेत क्षणभर डोकवावे. शौचालयाचे दार ढकलून पाहावे, नळ फिरवावा, एका बाकावर बसून हातांचा आधार न घेता उठून पाहावे. आणि मग आपल्याऐवजी त्या बाकावर सत्तर वर्षांची मधुमेही बाई, चाकाच्या खुर्चीतला मुलगा किंवा तिसऱ्या घरी कामाला निघालेली मोलकरीण आहे, अशी कल्पना करावी. तिला तेथे तासभर सुखाने बसता येईल, असे उत्तर आले तर आपल्या आळीत बाग आहे असे समजावे. तसे न आले, तर पाटीवर उद्यान असे कितीही ठळक लिहिलेले असो, तुळशीबाग आणि बेलबाग यांच्याप्रमाणे तेही नावच आहे. त्या नावांमागे निदान देऊळ तरी आहे. येथे नुसते कुलूप आहे.